दोन पडदे आणि मधली फट: कॅमेऱ्यातलं मेकॅनिकल शटर समजून घेताना

फिल्म कॅमेरा नव्याने हातात घेतलेल्या बहुतेकांची अशी समजूत असते की शटर स्पीडची डायल १/६० सेकंदावरून १/१००० वर नेली की आतलं शटर जास्त जोरात पळतं. ते तसं पळत नाही. शटर म्हणजे फिल्मपुढचे दोन पडदे: १/६० ला ते ज्या वेगाने धावतात, त्याच वेगाने ते १/१००० लाही धावतात. बदलतो तो फक्त एका पडद्यामागे दुसरा पडदा सुटायला लागणारा उशीर. एवढं एक नीट डोक्यात बसलं की फ्लॅश १/६० पर्यंतच का चालतो, जुन्या फोटोंतली मोटारीची चाकं तिरकी का दिसतात, फ्रेमची एक कड काळी का येते, या सगळ्याचा उलगडा होतो. म्हणून पुढचा सगळा लेख या उशीराभोवतीच फिरतो.

लेख वाचताना कॅमेरा समोर असेल तर उत्तम. मेकॅनिकल फोकल प्लेन शटरचा, म्हणजे फिल्मच्या पुढ्यातच शटर असलेला, कुठलाही चालेल: पेन्टॅक्स के१०००, निकॉन एफएम, झेनिट, झोर्की, लायका. बॅटरी नसली तरी हरकत नाही. अशा कॅमेऱ्यांत बॅटरी असलीच तर ती लाइट मीटरसाठी असते, शटर स्प्रिंगांवर चालतं.

आधी पाठ उघडा

उघडण्यापूर्वी आत रोल नाही ना, ते बघा. रिवाइंडची घुंडी बाणाच्या दिशेने हलकेच फिरवायची. ताण जाणवला तर आत फिल्म आहे, तिथेच थांबा. घुंडी नुसतीच फिरत राहिली तर पाठ उघडा आणि लेन्सही काढून ठेवा.

फिल्म जिथे टेकते त्या चौकटीत, म्हणजे ३६ गुणिले २४ मिलिमीटरच्या खिडकीत, तुम्हाला दोनपैकी एक गोष्ट दिसेल. एक तर काळं कापड, ज्याला रबराचा पातळ लेप दिलेला असतो आणि जे बहुधा रेशमी असतं. किंवा मग एकावर एक सरकणारी धातूची पातळ पाती. काही कॅमेऱ्यांत कापडाच्या जागी धातूचाच पातळ पत्रा असतो: निकॉन एफमध्ये टायटॅनियमचा, कॅनन पीमध्ये स्टेनलेस स्टीलचा. कॅननच्या त्या पत्र्यावर सुरकुत्या पडलेल्या हमखास दिसतात. बघून धस्स होतं, पण सहसा कामात काही अडत नाही.

काहीही असलं तरी बोट लावायचं नाही. पाती कागदाहून पातळ असतात आणि एकदा वाकली की सरळ करणं घरच्या आवाक्यातलं नाही. धूळ दिसली तर हातपंपाने हलकी फुंकर पुरे. दाबाखालच्या हवेचा डबा पात्यांवर मारू नका.

शटर इथे, फिल्मच्या पुढ्यातच का ठेवलं असेल? ते लेन्समध्येही बसवता येतं, आणि अशी शटरं भरपूर आहेत. पण मग प्रत्येक लेन्सला स्वतंत्र शटर लागतं. बॉडीत एकच शटर ठेवलं की लेन्स हव्या तितक्या बदला. शिवाय शटर बंद असताना लेन्स काढली तरी फिल्मवर उजेड पडत नाही.

लिव्हर ओढा, पण सावकाश

आता पाठीमागून बघत फिल्म पुढे सरकवायची लिव्हर हळूहळू ओढा. कापडाचं शटर असेल तर अख्खं कापड एका बाजूला सरकताना दिसेल. नीट पाहिलंत तर त्यात एक शिवण किंवा धातूची पट्टी सरकत जाते. ती पडद्याची कड. म्हणजे कापड एक नसून दोन आहेत आणि त्यांच्या कडा आत्ता एकमेकींवर चढलेल्या आहेत.

हे एकमेकांवर चढणं महत्त्वाचं. कॉक करताना, म्हणजे लिव्हर ओढून शटर सज्ज करताना, दोन्ही पडदे मधे फट न ठेवता परत जागेवर येतात, म्हणून फिल्मवर उजेड पडत नाही. सुरुवातीला असं नव्हतं. ऑस्कर बार्नाकने १९१४ च्या सुमारास बनवलेल्या लायकाच्या पहिल्या नमुन्यात शटर परत आणताना फट उघडीच राहायची, त्यामुळे तेवढ्यापुरतं लेन्सवर झाकण घालावं लागे. १९२५ साली लायका बाजारात आला तोवर ही अडचण सोडवलेली होती.

लिव्हर ओढताना हाताला जो जोर लागतो, तो तुम्ही स्प्रिंगांत भरत असता. प्रत्येक पडद्याचा स्वतःचा रोलर असतो, रोलरच्या पोटात स्प्रिंग असते. लिव्हर पूर्ण ओढली की दोन्ही पडदे दोन वेगळ्या खटक्यांवर अडकून राहतात. स्प्रिंगा त्यांना ओढत असतात, खटके धरून ठेवतात.

डायल बी वर ठेवा

शटर समजून घ्यायला डायलवरची सर्वांत उपयोगी खूण बी हीच आहे, आणि लोकांना ती फक्त रात्रीच्या फोटोंसाठी आठवते.

बी वर ठेवून बटण दाबा आणि दाबून धरा. एसएलआर (आरशातून लेन्समधलंच दृश्य दाखवणारा कॅमेरा) असेल तर आधी आरसा वर जाईल, मग पहिला पडदा खाडकन बाजूला होईल. आता समोरून पाठीपर्यंत आरपार दिसतंय. बोट काढा: दुसरा पडदा त्याच दिशेने धावत येईल आणि खिडकी बंद करेल.

दुसरा पडदा उलट दिशेने आला नाही, हे लक्षात घ्या. पहिला ज्या बाजूने उघडत गेला त्याच बाजूने दुसरा बंद करत गेला. चौकटीची जी कड आधी उघडली तीच आधी झाकली गेली. एकच पडदा पुढे जाऊन मागे आला असता, तर एका कडेला जास्त उजेड मिळाला असता आणि दुसरीला कमी. एका रेषेवरून सारख्याच वेगाने धावणारे दोन धावपटू डोळ्यांसमोर आणा. दुसरा पाच सेकंद उशिरा सुटला तर वाटेतल्या प्रत्येक खांबापाशी तो पाच सेकंद उशिराच पोचतो. फिल्मवरच्या प्रत्येक बिंदूचं तसंच: पहिला पडदा बिंदूवरून गेला आणि दुसरा आला, यामधलं अंतर म्हणजे त्या बिंदूचं एक्स्पोजर.

यातून आणखी एक नाजूक गोष्ट निघते. पडदे सुरुवातीपासून एकाच वेगाने धावत नाहीत. स्प्रिंगच्या ओढीने ते वाटेत वेग घेत जातात. तरी चालतं, कारण दुसराही अगदी तसाच वेग घेत येतो. पडदे वेगवान होतात तशी त्यांच्यामधली फट रुंदावते आणि प्रत्येक बिंदूच्या वाट्याला येणारा वेळ तेवढाच राहतो. शटर दुरुस्त करणाऱ्याचं खरं कसब इथेच लागतं. दोन्ही पडद्यांची चाल जुळली पाहिजे.

उशीर मोजतं कोण?

बी वर तुमचं बोट मोजत होतं. बाकीच्या स्पीडना ते काम यंत्राकडे जातं, आणि त्याच्या दोन पद्धती आहेत.

डायल १ सेकंदावर ठेवा, कॉक करा, बटण दाबा आणि ऐका. खट्ट, मग बारीक घरघर, मग पुन्हा खट्ट. ती घरघर म्हणजे घड्याळात असते तशी एस्केपमेंट: दात्यांच्या चाकांची साखळी आणि तिला अडवत अडवत सोडणारा छोटा नांगर. पहिला पडदा गेल्यावर ही साखळी फिरायला लागते आणि तिचा प्रवास संपला की दुसऱ्या पडद्याचा खटका सुटतो. डायल १/२, १/४, १/८ अशी नेलीत की घरघर छोटी होत जाते, कारण साखळीचा कमी भाग वापरला जातो.

वेगवान स्पीडना एवढी फुरसत नसते. तिथे बहुतेक आडव्या शटरमध्ये पहिला पडदाच दुसऱ्याला सोडतो. पहिला पडदा धावताना त्याच्याशी जोडलेला भाग फिरतो आणि ठराविक अंतर फिरला की दुसऱ्याच्या खटक्याला धक्का देतो. डायल फक्त ठरवते की हा धक्का किती फिरल्यावर बसायचा. लवकर बसला तर फट अरुंद, उशिरा बसला तर रुंद.

जुन्या स्क्रू-माउंट लायकात आणि त्याच्या सोव्हिएत भावंडांत, म्हणजे फेड आणि झोर्कीत, स्पीडची डायल शटर सुटताना स्वतःही गरकन फिरते. तिला बोट लागलं तर शटरचा वेग मंदावतो. तसंच, या कॅमेऱ्यांत आधी कॉक करायचं आणि मगच स्पीड बदलायचा. कॉक न करता डायल फिरवली तर आतली खुंटी चुकीच्या जागी बसू शकते आणि यंत्रणा बिघडू शकते. दुसऱ्याचा कॅमेरा हातात घेतलात तर हा नियम आधी विचारून घ्या.

थोडा हिशोब

समजा, कापडी पडदा ३६ मिलिमीटरची खिडकी १२ मिलिसेकंदांत पार करतो. प्रत्यक्षात आकडा कॅमेऱ्यागणिक थोडा वर-खाली होतो, पण १२ हिशोबाला सोपा आहे: एका मिलिसेकंदाला सरासरी ३ मिलिमीटर.

१/१००० सेकंद म्हणजे १ मिलिसेकंद, म्हणून फट ३ मिलिमीटर. १/५०० ला ६. १/२५० ला १२. १/१२५ ला २४. आणि १/६० ला? जवळजवळ ५० मिलिमीटर, म्हणजे खिडकीपेक्षा मोठी. याचा अर्थ १/६० ला पहिला पडदा पलीकडे पोचून गेला तरी दुसरा अजून निघालेलाच नसतो. काही क्षण पूर्ण खिडकी उघडी असते. १/१२५ आणि त्यापुढे मात्र ती कधीच पूर्ण उघडी नसते, चिंचोळी फट एका कडेपासून दुसरीपर्यंत सरकत जाते.

आणखी एक: १/१००० चा फोटो पूर्ण व्हायला १/१००० सेकंद लागत नाही. प्रत्येक बिंदूला तेवढाच वेळ मिळतो, पण अख्खी फ्रेम संपायला १३ मिलिसेकंद जातात. पहिल्या कडेचा क्षण आणि शेवटच्या कडेचा क्षण वेगळे असतात.

म्हणून फ्लॅश

इलेक्ट्रॉनिक फ्लॅशची चमक बहुधा १/१००० सेकंदापेक्षाही कमी टिकते. ती चमकेल तेव्हा खिडकी पूर्ण उघडी हवी, नाहीतर फटीतून दिसणाऱ्या पट्ट्यावरच तिचा उजेड पडेल आणि उरलेली फ्रेम अंधारी राहील. म्हणून कॅमेरा पहिला पडदा पलीकडे पोचल्यावर फ्लॅशला इशारा देतो, आणि खिडकी पूर्ण उघडी राहते असा सर्वांत वेगवान स्पीड म्हणजे सिंक स्पीड. डायलवर तो लाल रंगात, एक्स अक्षराने किंवा विजेच्या खुणेने दाखवलेला असतो. के१००० ला तो १/६० आहे, झेनिट-ई ला १/३०. त्याहून हळू स्पीड चालतो, वेगवान नाही.

जुन्या बॉडीवर एफपी किंवा एम लिहिलेलं दुसरं सॉकेट असेल तर ते जळणाऱ्या बल्बांसाठी आहे. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशची वायर एक्समध्येच लावा.

उभं शटर

सिंक वाढवायचा तर पडद्यांनी खिडकी लवकर पार केली पाहिजे. जोर वाढवण्यापेक्षा वाट कमी करणं शहाणपणाचं: ३६ मिलिमीटर आडवं धावण्याऐवजी २४ मिलिमीटर उभं धावायचं. कॉन्टॅक्सने १९३२ सालीच पितळी पट्ट्यांचा उभा पडदा आणला होता, पण तो बराच गुंतागुंतीचा होता. १९६० च्या कोनिका एफमध्ये धातूच्या पात्यांचं उभं शटर आलं: १/२००० पर्यंत वेग आणि १/१२५ ला फ्लॅश. पुढे कोपाल कंपनीची तशाच घडणीची तयार शटरं अनेक कॅमेऱ्यांत बसू लागली. निकॉन एफएम२ ने (१९८२) १/४००० गाठला. त्याच्या नंतरच्या आवृत्तीत पाती सुमारे ३.३ मिलिसेकंदांत खिडकी पार करतात, त्यामुळे सिंक १/२५० झाला. १/४००० ला तिथली फट २ मिलिमीटरपेक्षाही कमी असते, आणि हे सगळं स्प्रिंगा आणि चाकांवर. मला तरी हा मेकॅनिकल शटरचा कळस वाटतो.

त्याच सुमारास दुसरा खटका विद्युतचुंबकाने धरण्याची पद्धत रुळली. तिथे पडदे स्प्रिंगवरच धावतात, फक्त उशीर मोजायचं काम सर्किट करतं. बॅटरी संपली की असे बहुतेक कॅमेरे अडून बसतात. निकॉन एफईसारख्या काहींत एखादा मेकॅनिकल स्पीड राखून ठेवलेला असतो, एफईत तो १/९० आहे.

तिरकी चाकं

ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला २० मीटर जाते. १/१००० ला तिची हालचाल २ सेंटिमीटर, म्हणजे फोटो चांगला स्पष्ट. पण पडदा खिडकी पार करेपर्यंतच्या १२ मिलिसेकंदांत ती २४ सेंटिमीटर पुढे गेलेली असते. आडव्या शटरमध्ये गाडीची प्रतिमा फटीच्याच दिशेने सरकत असेल तर गाडी ताणलेली येते, उलट दिशेने असेल तर आखूड.

उभ्या शटरमध्ये ती कलते. बहुतेक उभ्या शटरांची पाती वरून खाली धावतात आणि लेन्स प्रतिमा उलटी पाडते, म्हणजे दृश्याचा खालचा भाग आधी नोंदला जातो आणि वरचा नंतर. तोवर गाडी पुढे गेलेली असते, म्हणून तिचा वरचा भाग पुढे झुकलेला दिसतो. जाक-आंरी लार्तिग या फ्रेंच छायाचित्रकाराने १९१० च्या दशकात मोटार शर्यतीत काढलेला एक फोटो याच कारणाने गाजला. त्यात चाक अंडाकृती होऊन पुढे झुकलंय आणि प्रेक्षक मागे कललेत. लार्तिग गाडीबरोबर कॅमेरा फिरवत होता, पण गाडीइतक्या वेगाने नाही. म्हणून गाडी एका बाजूला आणि उभी माणसं दुसऱ्या बाजूला. आजच्या मोबाईलमध्ये पंख्याची पाती वाकडी दिसतात तेही याच जातीचं, फक्त तिथे पडद्याऐवजी सेन्सर ओळीओळीने वाचला जातो.

तुमचं शटर ठीक आहे का?

पाठ उघडी ठेवून कॅमेरा उजळ, एकसारख्या भिंतीकडे धरा आणि आतून बघत १/१००० ला शटर सोडा. चौकट क्षणभर पूर्ण उजळलेली दिसली पाहिजे. एका बाजूला अंधार राहिला तर दुसरा पडदा वाटेतच पहिल्याला गाठतो आहे. बऱ्याचदा पहिल्याच्या वाटेवरचं वंगण वाळलेलं असतं, त्यामुळे तो रेंगाळतो.

हळू स्पीडसाठी मोबाईलचा स्लो मोशन व्हिडिओ पुरतो. सेकंदाला २४० फ्रेमने चित्रण केलं तर १ सेकंदाला २४०, १/१५ ला १६, १/३० ला ८ फ्रेम उघड्या दिसायला हव्यात. १/१२५ ला दोनच फ्रेम मिळतात, म्हणून तिथून पुढे ही पद्धत निरुपयोगी. वेगवान स्पीड मोजायला प्रकाश-सेन्सरचं परीक्षण यंत्र लागतं.

१ सेकंदाची घरघर मधेच रेंगाळली किंवा अडकली तर एस्केपमेंटचं तेल चिकट झालंय. पन्नासेक वेळा शटर सोडल्यावर ती मोकळी झाल्यासारखी वाटते, आणि महिनाभर कॅमेरा पडून राहिला की पुन्हा अडकते. स्वच्छता करून घेणं हाच उपाय. बाहेरून तेल सोडू नका. पात्यांवर तेलाचा थेंब गेला तर ती एकमेकांना चिकटतात.

फ्रेमच्या शेवटच्या कडेला बारीक पट्टा येत असेल तर पडदा प्रवास संपवून उसळी घेतोय, त्याला थांबवणारा ब्रेक झिजलाय. प्रिंटवर फिकट ठिपके वारंवार त्याच जागी येत असतील तर कापडाला भोकं आहेत. अंधाऱ्या खोलीत लेन्सच्या बाजूने टॉर्च धरून पाठीकडून बघितलं की ती चांदण्यांसारखी चमकतात. एसएलआर असेल तर आरसा आड येतो, तेव्हा तो वर धरायची सोय असेल तरच हे जमतं. रेंजफाइंडर कॅमेऱ्याचं तोंड सूर्याकडे करून ठेवू नये ते याचसाठी. तिथे आरसा नसतो आणि लेन्स भिंगासारखी कापड जाळते.

बऱ्याच कापडी शटरच्या कॅमेऱ्यांत तळाचं झाकण काढलं की पडद्यांचा ताण कमी-जास्त करायचे स्क्रू दिसतात. कॅमेरा हळू चालतोय म्हणून ते पिळायचा मोह आवरा. एका पडद्याचा ताण वाढवला की दुसऱ्याशी जमलेली चाल बिघडते, आणि मळलेल्या यंत्रणेला जास्त जोराने ओढणं म्हणजे झीज आणि उसळी दोन्ही ओढवून घेणं. आधी सफाई, मग मोजणी, आणि ताण अगदी शेवटी, तोही मोजायचं यंत्र असेल तरच.

पहिला रोल

कॅमेरा तिवईवर लावा, समोर एकसारखा उजेड पडलेली भिंत किंवा ढगाळ आकाश. एक्स्पोजर तेवढंच ठेवून स्पीड आणि एफ (लेन्सच्या छिद्राचा आकडा, मोठा आकडा म्हणजे लहान छिद्र) बदलत जा: १/१००० ला एफ २, १/५०० ला एफ २.८, १/२५० ला एफ ४, १/१२५ ला एफ ५.६, १/६० ला एफ ८, १/३० ला एफ ११, १/१५ ला एफ १६. क्रम वहीत लिहून ठेवा. निगेटिव्ह धुऊन आल्या की सगळ्या फ्रेम सारख्याच गडद दिसल्या पाहिजेत.

१/१००० ची फ्रेम थोडी फिकी आली तर पडदे मंदावलेत असं समजू नका. मंदावले असते तर फिल्मला उजेड जास्त मिळून ती गडद आली असती. फिकी असेल तर फट ठरल्यापेक्षा अरुंद होतेय. प्रत्यक्षात १/१००० ऐवजी १/७०० मिळत असेल तर फरक अर्ध्या स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), आणि निगेटिव्ह फिल्म तो सहज पचवते. स्लाइड फिल्म नाही पचवत. एफ २ ला चारही कोपरे थोडे फिके येतील, तो लेन्सचा गुण आहे. शटरचा दोष ओळखायचा तर डावी आणि उजवी कड एकमेकांशी ताडून बघा, आणि उभं शटर असेल तर वरची आणि खालची.